सर्व्हिस कुणाची?

चुन्याची फक्की, दोरी आणि टेप घेऊन निवाऱ्यामागच्या मोकळ्या जागेत मी कबड्डीचं मैदान आखलं, तेव्हा बघायला एकोणीस जण जमले होते. खेळायला एकही उतरला नाही. गळ्यात शिट्टी अडकवून मी मध्यरेषेवर उभा आणि ते सगळे भिंतीला टेकून उकिडवे बसलेले. उभी नोकरी पोरांना रांगेत उभं करण्यात गेली, पण अशी फजिती कधी झाली नव्हती.

हे जानेवारी २०२४ चं. आदल्या वर्षीच्या मे महिन्यात मी पीटीचे सर म्हणून निवृत्त झालो. घर नांदेडात, सकाळी गोदावरीच्या घाटांवर फिरायला जायची सवय. गोवर्धन घाट, नगीना घाट, बंदाघाट, सगळीकडं पायऱ्यांवर झोपलेली माणसं दिसायची. स्टेशनबाहेर त्याहून जास्त. गुरुद्वाऱ्याच्या लंगरमुळं नांदेडात कुणी उपाशी झोपत नाही, हे हिंडणाऱ्या माणसाला बरोबर ठाऊक असतं. सचखंड एक्सप्रेसनं उत्तरेतून आलेला, निजामाबादकडून आलेला, कंधार-मुखेडातून घरच्यांशी भांडून निघालेला, असे सगळे इथं येऊन टेकतात. पोटाचा प्रश्न सुटतो, पाठीचा राहतो.

माझा एक जुना विद्यार्थी बेघरांच्या निवाऱ्यात व्यवस्थापक आहे. तो एकदा म्हणाला, "सर, जेवणखाण होतं, अंथरूण मिळतं, पण दिवस जात नाही ह्यांचा. आपसात बोलतसुद्धा नाहीत. तुम्ही काहीतरी खेळ घ्या ना." तोवर मला ह्या निवाऱ्यांची काहीच माहिती नव्हती. शहरातल्या दर एक लाख लोकसंख्येमागं किमान शंभर जणांची सोय, माणशी पन्नास चौरस फूट जागा, असं राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या नियमांत होतं. त्याआधी २०१० साली सर्वोच्च न्यायालयानंही चोवीस तास, बारा महिने चालणारे निवारे काढायला सांगितलं होतं. २०११ च्या जनगणनेत देशभर १७.७ लाख बेघर मोजले गेले, तेही २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत. हे मी निवाऱ्यात एकदा बोलून दाखवलं, तर एका हमालानं विचारलं, "मी त्या रात्री पूर्णा पॅसेंजरमधी होतो. मला धरलं का त्याच्यात?" मला उत्तर देता आलं नाही.

तर पहिला दिवस. कुणी का उतरत नाही, हे त्याच हमालकाकांनी सांगितलं. "सर, आम्ही तिकडं पळाया लागलो तर बॅगकडं कोण बघायचं?"

तेव्हा माझं लक्ष गेलं. एकोणीसच्या एकोणीस जणांजवळ काही ना काही होतंच. कुणाची शाळेची जुनी सॅक, कुणाचं खताच्या पोत्याचं गाठोडं, कुणाची लग्नात मिळालेली कापडी पिशवी. चादर, एक जोडी कपडे, चार्जर, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं आधार, गोळ्यांची पाकिटं. "आत खोलीत ठेवा की," मी म्हणालो. ते हसले. एवढ्या वेळात सगळे मिळून हसले ते तेव्हाच.

दुसऱ्या दिवसापासून बॅगा मैदानाच्या कडेला, प्रत्येकाला आपली दिसेल अशा ठेवायच्या ठरलं. सहा जण उतरले. कबड्डी तीन आठवडे चालली, आणि बंद पडली ती माझ्याच हट्टामुळं. कबड्डी माझा खेळ. तरुणपणी मी कोपरा सांभाळायचो, घोटा धरायचो. मला वाटलं, साहित्य लागत नाही, खर्च नाही, ह्यांच्यासाठी ह्याहून बरा खेळ कुठला? एक केटरिंगला जाणारा पोरगा होता, अंगानं काटक. चौथ्या का पाचव्या दिवशी तो चढाईला आला, मी डाव्या कोपऱ्याला इशारा केला, दोघांनी मागून कंबर धरली. पोरानं वळून एकाच्या तोंडावर अशी ठेवून दिली की त्याचा ओठ फाटला. मी ओरडलो. तो कोपऱ्यात जाऊन बसला आणि त्याचे हात थरथरत होते. रात्री त्यानं मला सांगितलं, "सर, मागून कुणी धरलं की मला काही कळतच नाही." चार वर्षं उघड्यावर झोपलेला पोरगा. झोपेत धरणारा कधी चोर, कधी दारुडा, कधी त्याहून वाईट. त्याच्या अंगाला पकड म्हणजे काय, हे आधी माहीत होतं. माझ्या खेळात ती शिकवायची गोष्ट होती, त्याच्यासाठी विसरायची.

शिवाय खरूज. सहातल्या दोघांना होती. अंगाला अंग घासणारा खेळ घ्यायच्या आधी एवढं तरी मी बघायला पाहिजे होतं.

मग फुटबॉल. त्याचं कारण नागपूर. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतली पोरं पावसात तुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिली आणि २००१ साली स्लम सॉकर सुरू केलं, हे आमच्या पीटीच्या मंडळींत सगळ्यांना माहीत आहे. बेघरांचा म्हणून एक जागतिक फुटबॉल चषकच असतो, हे मात्र मी तेव्हा नव्यानं वाचलं. स्कॉटलंडचे मेल यंग आणि ऑस्ट्रियाचे हॅराल्ड श्मीड यांना २००१ मध्ये केपटाऊनला ही कल्पना सुचली. पहिली स्पर्धा २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात झाली, अठरा संघ आले होते. भारताचा संघ नागपूरच्या ह्या स्लम सॉकरमार्फत जातो. मैदान केवळ २२ बाय १६ मीटर, एका बाजूला चार खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन डाव. आणि एक नियम मला फार चमत्कारिक वाटला: एका खेळाडूला ह्या स्पर्धेत आयुष्यात एकदाच खेळता येतं. चांगला तयार झालेला गडी पुढच्या वर्षी घ्यायचाच नाही? कुठला प्रशिक्षक असं करेल?

मी मैदान त्याच मापानं आखलं. पोरांना मजा आली, खोटं कशाला बोलू. पण आमच्या निवाऱ्यात पंचविशीची पोरं चार, बाकी सगळे चाळीस ते पासष्टचे. कुणाच्या पायाला भेगा, कुणाला साखर, बहुतेकांच्या पायात स्लीपर. चौघं पोरं आपसात चेंडू फिरवायची आणि बाकीचे कडेला उभे राहायचे, बॅगा राखत. चेंडू त्यांच्याकडं यायचाच नाही. मार्च संपेपर्यंत ऊनही तापलं. फुटबॉल गेला.

व्हॉलीबॉल मी सुचवला नाही. कंधारकडचे एक मामा होते, साठीच्या पुढचे, तोंडातून शब्द न काढणारे. निवाऱ्यात आठ महिने होते आणि त्यांचा आवाज मी ऐकलेला नव्हता. मी फुटबॉलमधली हवा काढत बसलो होतो, तेव्हा ते शेजारी येऊन बसले. म्हणाले, "आमच्याकडं सांजच्याला नेट लागायचं, सर. बसून काय करूलालो आम्ही? नेट बांधा."

खरंच की. मराठवाड्यात कुठल्याही गावात संध्याकाळी जा, शाळेमागं नाहीतर पाराजवळ दोन खांब आणि नेट दिसणारच. हे सगळे गावातून आलेले. आणि मी पीटीचा सर, मलाच सुचू नये?

नेट विकत घेतलं नाही. घाटावरच्या एका भोयानं मासे धरायचं जुनं जाळं दिलं, मांडववाल्यानं दोन बांबू दिले. चेंडू तेवढा वजिराबादेतून साडेपाचशेला आणला. पुरुषांसाठी नेटची उंची २.४३ मीटर असते, आम्ही ती खांद्याच्या जरा वर आणली. कोर्ट १८ बाय ९ चं बसत नव्हतं, बसलं तेवढं आखलं. बॅगा दोन्ही बांबूंच्या बुडाशी. खेळताना सगळ्यांची तोंडं नेटकडं, म्हणजे आपोआप बॅगांकडं. ही सोय ठरवून केलेली नव्हती, पण माझ्या मते निम्मं काम तिनंच केलं.

वेळही त्यांनीच ठरवली. मी संध्याकाळी पाच म्हणत होतो. लग्नसराईत केटरिंगची पोरं चारलाच निघतात, हमाल मोंढ्यातून सातच्या आत सुटत नाहीत. सकाळी आठला मजुरांच्या नाक्यावर उभं राहावं लागतं. म्हणून सकाळी साडेसहा ते सव्वासात. मे महिन्यात नांदेडचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, त्या वेळी सकाळ सोडून दुसरा मुहूर्तही नव्हता.

भांडण झालं ते रोटेशनवरून. आमच्याकडं गावात रोटेशन कुणी पाळत नाही. शूटर शूटरच्या जागी, त्याला चेंडू उचलून देणारा लिफ्टर नेटपाशी, आणि ज्याला काही येत नाही तो मागं कोपऱ्यात जन्मभर. मी म्हणालो, इथं नियमानं खेळायचं. समोरच्यांची सर्व्हिस मोडून आपल्याकडं आली की सहाही जणांनी घड्याळाच्या काट्यासारखं एक-एक घर सरकायचं. केटरिंगचा पोरगा आमचा शूटर. तो उसळलाच. "मी मागं गेल्यावर मारायचं कुणी? हे मामा मारतील का?" मामा काही बोलले नाहीत, पण सरकत सरकत सर्व्हिसच्या जागी आले. खालून, मुठीनं, गावठी सर्व्हिस. चेंडू नेटवरून गेला आणि पलीकडं दोघांच्या मधोमध पडला. दोघंही तू घे, मी घे करत बघत राहिले. मामांनी ओळीनं पाच गुण काढले. त्यानंतर रोटेशनवर वाद झाला नाही.

मी शाळेत पोरांना शिकवायचो, टीममध्ये चांगला खेळाडू असला की टीम जिंकते. इथं मला ते उलटं दिसायला लागलं. व्हॉलीबॉलमध्ये चेंडू धरून ठेवता येत नाही. एकानं लागोपाठ दोनदा हात लावता येत नाही. तीन हातांत तो पलीकडं गेलाच पाहिजे. म्हणजे शूटर कितीही भारी असला तरी त्याला मारायला कुणीतरी चेंडू उचलून द्यावाच लागतो, आणि त्यासाठी आधी "माझा!" असं ओरडावं लागतं. ही माणसं एकमेकांच्या शेजारी महिनोन्महिने झोपली होती आणि एकमेकांना हाक मारत नव्हती. हाक मारायला नाव लागतं. जूनपर्यंत सगळ्यांना नावं पडली: हमालकाका, मामा, शूटर, बिहारी, मिस्त्री, उमरीवाले. काही खरी नावं मला आजही माहीत नाहीत, आणि मी विचारलीही नाहीत.

आणखी एक. पाच जण आले की खेळ होत नाही. साडेसहाला एक कमी असला की कुणीतरी आत जाऊन त्याला उठवायचं, शिव्या देत. निवाऱ्याच्या वहीत रात्री माणसं मोजली जातात, पण एक कमी भरला म्हणून तिथं कुणाचं काही अडत नाही.

दारूचा प्रश्न होताच. मी आधी मास्तरकी केली, पिऊन यायचं नाही, यायचं असेल तर आजपासून बंद. मिस्त्रींनी ते मनावर घेतलं. एकदम सोडली आणि तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांना आकडी आली. दवाखान्यात डॉक्टरांनी मलाच झापलं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एकाएकी थांबवली तर असं होतं, जीवही जातो, औषधाखाली हळूहळू सोडवावी लागते. पीटीच्या सरांना हे कुणी शिकवत नाही. नंतर नियम बदलला: प्यालेल्यानं कोर्टात उतरायचं नाही, गुण लिहायचे. कोळशानं भिंतीवर. मिस्त्री औषध चालू असताना दोन महिने गुणच लिहीत होते आणि त्यांच्याइतका कडक पंच मी जिल्हा स्पर्धेतही पाहिला नाही.

बिहारी दोन सर्व्हिसमध्येच धापा टाकायचा. मला वाटलं विडी. व्यवस्थापक म्हणाला, थुंकी तपासू. टीबी निघाला. सहा महिन्यांचे उपचार, गोळ्या फुकट. पोषण आहारासाठी महिना पाचशे रुपये तेव्हा सरकार द्यायचं (नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार झाले), पण पैसे बँकेत येतात आणि ह्याचं खातं नाही, कारण आधार हरवलेलं. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखानं ठरावीक नमुन्यात लिहून दिलं तर त्या पत्त्यावर आधार निघतं. आम्ही ते पत्र घेऊन एका केंद्रावर गेलो, तर खिडकीवरच्या माणसानं असा नमुनाच नसतो म्हणून तीनदा परत पाठवलं. चौथ्यांदा दुसऱ्या केंद्रावर गेलो, वीस मिनिटांत झालं.

बायकांसाठी मात्र मला काही करता आलं नाही, ते इथं लिहून ठेवतो. निवाऱ्यात त्यांची खोली वेगळी आहे. तिघी-चौघी खिडकीतून बघायच्या. एकदा बोलावलं तर एक जण म्हणाली, "सर, रस्त्यावरून दिसतं हे. आम्ही कुणाला दिसायचं नाही म्हणून तर इथं आलोय." मागच्या अंगणात दोन दिवस लगोरी झाली आणि थांबली. तिथं बाईच शिकवायला पाहिजे होती, ती मला मिळाली नाही.

सप्टेंबर उजाडला तो पाऊस घेऊनच. पहिल्या दोन दिवसांत असा कोसळला की विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडावे लागले, घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या आणि तिथली माणसं निवाऱ्यात आली. पाय ठेवायला जागा नव्हती, कोर्टात चिखल. आठवडाभर चेंडू खोलीतच वरच्या वर, बसल्या बसल्या. आणि नेमकं तेव्हाच एका गणेश मंडळाच्या पोरांनी सामने लावले. ते दरवर्षी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला सामने घ्यायचे, पण त्या वर्षी १७ सप्टेंबरलाच अनंत चतुर्दशी आली. म्हणून आदल्या रविवारी, १५ तारखेला.

फॉर्म आणला. संघाचं नाव, कर्णधार, गाव. पहिल्या दोन गोष्टी चटकन झाल्या. "गाव" ह्या रकान्यावर पेन अडलं. उमरीवाले म्हणाले, उमरी लिहू नका, तिथं भाऊबंद आहेत, कळायला नको. मामा उठून बाहेर गेले. शूटर म्हणाला, "स्टेशन लिहा सर, फलाट नंबर एक." सगळे हसले. मी म्हणालो, निवाऱ्याचं नाव टाकू? तर एकदम शांतता. शेवटी हमालकाका बोलले, "नांदेड लिहा की. खातो नांदेडचं, पितो गोदावरीचं, मच्छर चावतात ते बी नांदेडचेच." बिहारी म्हणाला, "और क्या!" तेवढंच लिहिलं. समोरचे संघही सगळे नांदेडचेच होते, पण त्यांनी आपापल्या गल्लीची नावं टाकली होती. म्हणून दिवसभर माईकवर पुकारा होत राहिला, "आता नांदेडची सर्व्हिस, नांदेडची सर्व्हिस." जणू आमचा संघ अख्ख्या शहराचा.

पहिल्याच सामन्यात हरलो. टेम्पोचालकांचा संघ होता. २५-११, २५-१७. दुसऱ्या डावात मामांनी चार गुण ओळीनं काढले, तेवढीच काय ती टाळ्यांची वेळ. आमच्या लोकांच्या बॅगा खांबापाशी ठेवायला मंडळाच्या पोरांनी हरकत घेतली, अडचण होते म्हणून. मी स्वतः सहाही बॅगा घेऊन समोर खुर्चीवर बसलो, मांडीवर, पायाशी, खांद्याला. त्या बॅगा जड असतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

त्या रात्री शूटर पिऊन कुठंतरी गेला आणि चार दिवस आला नाही. परत आला, गुण लिहायला बसला. दिवाळीच्या आधी एका ठेकेदाराबरोबर पुण्याला गेला, तेही कुणाला न सांगता. मला राग आला, नंतर वाईट वाटलं. एवढा तयार केलेला गडी! तेव्हा तो आयुष्यात एकदाच खेळायचा नियम आठवला आणि मी जरा गप्प झालो. उमरीवाले एका टोळीबरोबर ऊसतोडीला गेले. मिस्त्री निवाऱ्यात आहेत, पंधरा दिवस बरे, पंधरा दिवस नाही. बिहारीच्या गोळ्या संपत आल्या. मामा आहेत. ते घरी का जात नाहीत, हे मला अजून माहीत नाही. टेम्पोवाल्यांपैकी एक जण कधीमधी सकाळी येतो, गाडी बाहेर लावून दोन डाव खेळून जातो.

नोव्हेंबरात एका सकाळी आम्ही पाचच होतो. मिस्त्रींनी भिंतीवर शून्य-शून्य लिहून ठेवलेलं. एक नवीन माणूस रात्रीच आला होता, चाळिशीचा, दाराशी उभा राहून बघत होता. छातीशी निळी सॅक. मी विचारलं, "खेळणार का? सर्व्हिस येते?"

"येते," तो म्हणाला. "पण आधी बॅग कुठं ठेवू, ते सांगा."

मामांनी न बोलता डाव्या बांबूकडं बोट दाखवलं.